बिनघोड्याचा टांगा आणि तीनशे एकोणपन्नास

आमच्या आजोळी एक म्हण आहे, जी आजोळच्या घराबाहेर कुणालाच कळत नाही. नवा फोन घेतला आणि चार्जर वेगळा विकत घ्यावा लागला, लग्न ठरलं आणि नवरा मुलगा दुबईला जाऊन बसला, की माझी मामी म्हणते, "मिळाला बिनघोड्याचा टांगा." मग सगळे हसतात. मी सांगलीच्या इंग्रजी शाळेत शिकलेली भाची. लहानपणी मी का हसायचं ते माहीत नसताना हसायचे. आता माहीत आहे.

गोष्ट मामूच्या, म्हणजे माझ्या मामाच्या, पणजोबांची. ते मूळचे साताऱ्याकडचे. इंग्रजांच्या काळात सातारा रोड स्टेशनावर आगगाडी आली, की उतारूंना शहरात यायला टांगा करावा लागे, कारण स्टेशनाच्या नावात सातारा असला तरी सातारा तिथून बराच लांब. ही इंग्रजांची पहिली लबाडी, असं मामू सांगतो. दुसरी लबाडी पुढे येते. उन्हाळ्यात साहेब लोक तसेच वर महाबळेश्वरला निघायचे. मग घाटाच्या अलीकडे दमलेले घोडे सोडायचे, ताजे जुंपायचे. पणजोबा दुसऱ्याच्या मालकीचा टांगा हाकत.

टांग्यात कोण कुठे बसतो याला फार महत्त्व होतं. हाकणाऱ्याच्या शेजारी, पुढे तोंड करून बसायची जागा साहेबाची. मागची बैठक उलटी. तिथे बसणाऱ्याचे पाय मागे लोंबकळतात आणि त्याला फक्त मागे गेलेला रस्ता दिसतो. तिथे साहेबाचा खानसामा, ट्रंका आणि कुत्रा. कुत्र्याला अधूनमधून पुढे बढती मिळायची. खानसाम्याला नाही.

तर एका साहेबाने उतरताना भाड्याऐवजी पणजोबांच्या हातात एक छापील चिठ्ठी ठेवली. साहेब लोकांनी कुठल्याशा चांगल्या कामासाठी लॉटरी काढली होती, तिचं ते तिकीट. पणजोबांनी ते फेट्यात खोचलं आणि मनातल्या मनात साहेबाला दोन शिव्या दिल्या. सोडतीच्या दिवशी मैदानावर तंबू होता, बँड होता, टेबलावर बक्षिसं मांडली होती. भिंतीवरचं घड्याळ, चहाचा सेट, शिवणाचं मशीन, आणि टेबलावर मावत नाही म्हणून टेबलाशेजारी एक नवाकोरा टांगा. साहेबाने इंग्रजीत आकडा पुकारला. कुणी पुढे येईना. परत पुकारला. पणजोबा सगळ्यांत पुढे उभे राहून त्या अज्ञात नशीबवानासाठी जोरजोरात टाळ्या वाजवत होते. शेवटी मागच्या बैठकीवरच्या त्याच खानसाम्याने त्यांच्या फेट्यातली चिठ्ठी उपसली आणि म्हणाला, "गाढवा, टाळ्या कुणाला वाजवतोस? तुझाच नंबर हाय."

पणजोबा टांग्याला फेरी मारून आले. मग त्यांनी विचारलं, "साहेब, घोडा?"

"नो हॉर्स," साहेब म्हणाला. ही दुसरी लबाडी.

मग पणजोबांनी काय केलं? मामूच्या गोष्टीत ते स्वतः दांड्यांच्या मधे उभे राहिले आणि छाती पुढे काढून टांगा ओढत घरी घेऊन आले. सगळा बाजार बघत होता. इथे मामू गोष्ट संपवतो आणि मिशीवरून हात फिरवतो.

मामी मात्र तिथे संपू देत नाही. "ओढला त्यानं, पण चढाला मागनं ढकलला कुणी? बायकूनं. ती कुठं गेली तुमच्या गोष्टीतनं?"

"आगं, ती मागं हुती, म्हणून दिसली न्हाई कुणाला," मामू म्हणतो.

"तेच म्हणतोय मी," मामी म्हणते. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना कधीकधी असं पुरुषासारखं बोलतात. शाळेत मी एकदा तसं बोलले होते, तेव्हापासून शाळेत कमी बोलायला लागले.

मामूच्या घरी दखनी उर्दू बोलतात, पण सांगलीजवळच्या आष्ट्यात इतकी वर्षं राहून ती दखनी कधीच मराठीत विरघळली आहे, आणि भांडण तर निव्वळ मराठीतच होतं. मी तिथे दिवाळीच्या सुट्टीत जाते. हल्ली कॉलेज संपलं, तरी जाते. आजोळी मी बोलण्यापेक्षा ऐकण्याची नोकरी करते, आणि तिथे सुट्टी नसते.

मामूचा टांगा तोच, लॉटरीतला. निदान मामू तसं सांगतो. चाकं पुन्हा पुन्हा बदलली, छत नवीन आहे, बैठक एका मोडीत निघालेल्या जीपची आहे, दांड्या वडिलांच्या वेळी नव्या केल्या. माझ्या हिशेबाने मूळ टांग्यातली आता फक्त गोष्ट शिल्लक आहे. पण हे मी मामूला बोलून दाखवलेलं नाही.

हा टांगा अजून चालतो. वराती, उरूस, दुकानांची उद्घाटनं, आणि शहरातून आलेल्या पाहुण्यांच्या पोरांना हौस म्हणून एक फेरी. घोडी पांढरी आहे आणि तिला नाव नाही. म्हणजे, फार नावं आहेत. वरातीचे लोक आपापल्या मर्जीने तिला हाक मारतात आणि ती कुठल्याच हाकेला मान वळवत नाही. मामीने दाराशी येऊन नुसतं "आलीस व्हय?" म्हटलं, तर मात्र वळवते. तिच्या तोंडाला दाण्याचा तोबरा मामीच बांधते.

गेल्या दिवाळीला मी पोचले तेव्हा घरात शीतयुद्ध चालू होतं. बाजारपेठेतल्या दुकानदारांनी सोडत ठेवली होती. खरेदी करा, कूपन मिळवा. पहिलं बक्षीस ई-रिक्षा. चौकात मांडव घालून ती आठवडाभर उभी केली होती, हिरवीगार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, समोर लिंबू-मिरची. मामी रोज कुठल्या ना कुठल्या निमित्ताने तिला बघून यायची. कोथिंबीर आणायला गेली, की रिक्षा बघून यायची आणि कोथिंबीर विसरायची.

तिच्याकडे एकच कूपन होतं. नंबर तीनशे एकोणपन्नास. ते मिळालं होतं घोडीच्या नव्या झुलीसाठी घेतलेल्या लाल मखमलीवर, आणि मामूला हीच गोष्ट सगळ्यांत जास्त लागली होती.

"घोडीच्या कापडावर रिक्षा जिंकायची आन घोडी इकायची," तो मला ऐकवत म्हणाला. "ह्याला म्हणत्यात खाल्ल्या ताटात छेद."

"घोडी इका असं मी म्हटलं व्हय?" मामी आतून.

"रिक्षा दारात आली, की घोडी कुठं बांधायची? डोक्यावर?"

"तुमच्या डोक्यावर जागा हाय लय."

मामूच्या डोक्यावर केस नाहीत. मी चहाच्या कपात तोंड घातलं.

पण त्याची भीती खोटी नव्हती. दाराजवळ जागा एकच होती, पत्र्याच्या छपराची, आणि तिथे एकतर घोडी उभी राहील नाहीतर रिक्षा. वराती सोडल्या तर टांग्याला काम राहिलं नव्हतं. रिक्षा आली असती तर घोडी गेली असती, हे दोघांनाही कळत होतं. मामू रोज संध्याकाळी घोडीला खरारा करताना तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचा. मला वाटतं, तो तीनशे एकोणपन्नास सोडून बाकी सगळ्या आकड्यांसाठी दुवा मागत होता.

सोडतीच्या दिवशी दुपारी प्रमुख पाहुण्यांना वाजतगाजत आणायचं काम मामूच्याच टांग्याला मिळालं. पाहुणे म्हणजे एक निवृत्त हेडमास्तर. ते पुढे मामूशेजारी बसले. मागे उलट्या तोंडाने मामी आणि मी, मांडीवर पुष्पगुच्छाचं ताट. मामीने नवी साडी नेसली होती आणि कूपन रुमालाच्या गाठीत बांधलं होतं. चौक आला तेव्हा ताशा वाजायला लागला, लोक ओरडायला लागले, आणि आम्हाला मात्र समोर एक रिकामं गटार आणि झोपलेलं कुत्रं दिसत होतं.

"रिक्षा दिसतीया का गं?" मामीने विचारलं.

मी मान वळवून बघितलं. "दिसतेय."

"मला न्हाई दिसत," ती म्हणाली. जाड बाईला टांग्यात मान वळवणं सोपं नसतं.

दुकानदारांच्या मंडळाच्या अध्यक्षांनी मला ताटासकट स्टेजवर चढवलं. "राहू दे हितंच. शिकल्याली पोरगी हाय, स्टेजवर शोभंल." मी स्टेजच्या कडेला, खांबाला चिकटून उभी राहिले. खांबासारखं दिसणं मला चांगलं जमतं.

आधी बारीक बक्षिसं झाली. कुकर, मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ निघालं तेव्हा मला पणजोबांची आठवण झाली, आणि मी एकटीच हसले. मग पहिलं बक्षीस. हेडमास्तरांनी डब्यात हात घालून चिठ्ठी काढली, डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, खिसे चाचपले. चष्मा घरी राहिला होता. त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि त्यांना ताट धरून उभा असलेला खांब दिसला.

"बाळ, वाच बघू मोठ्यानं."

माइक माझ्या तोंडाशी आला. चिठ्ठीवर मराठी आकडे होते: ३५९. आकडे मला येतात, हे इथे सांगून ठेवते. तीन ओळखला, पाच ओळखला, नऊ ओळखला. अडचण पुढची आहे. इंग्रजीत फिफ्टीपाशी नाइन आला की फिफ्टी-नाइन होतं, म्हणजे नऊ पन्नासच्या घरातच राहतो. मराठीतला नऊ तसा नाही. तो पन्नासच्या घरात जन्मतो आणि साठच्या घरी नांदायला जातो. साठाला एक उणा, म्हणून एकोणसाठ. हे मला आता कळतं. त्या क्षणी डोक्यात फक्त एवढंच आलं, की पन्नास आहे आणि नऊ आहे, आणि नवाला 'एकोण' म्हणतात.

"तीनशे एकोणपन्नास," मी म्हणाले.

माझा आवाज स्पीकरमधून सगळ्या बाजारपेठेत गेला. आयुष्यात पहिल्यांदाच मी इतकी मोठ्याने बोलले होते.

मग गर्दीतून एक किंकाळी आली, आणि ती मामीची होती.

मामी स्टेजवर कधी चढली ते मला दिसलं नाही. गुडघेदुखीमुळे जी बाई घराच्या पायरीवर थांबून श्वास घेते, ती स्टेजवर एका उडीत आली. गाठ सोडून तिने कूपन अध्यक्षांच्या हातात दिलं. त्यांनी ते बघितलं, माइकवर "तीनशे एकोणपन्नास, बरोबर!" म्हणाले आणि तिच्या गळ्यात हार घातला. चिठ्ठी अजून माझ्याच हातात होती. ती बघायचं कुणाला सुचलं नाही.

मामी तडक रिक्षाकडे गेली. मागे बसली नाही. पुढे, हँडलपाशी बसली. दोन्ही हातांनी हँडल धरलं, हार गळ्यात, पदर कमरेला, आणि समोर बघितलं. समोर फक्त मांडवाचा कापडी पडदा होता. पण ती असं बघत होती, जणू तिथून सरळ सांगलीपर्यंत रस्ता दिसतोय. मग तिने हॉर्न वाजवला. लोक हसले, तिने परत वाजवला.

मामू टांग्यापाशी घोडीच्या मानेवर हात ठेवून उभा होता. तो टाळ्या वाजवत होता, पण एका हाताने टाळी वाजत नाही.

इतक्यात अध्यक्षांनी नोंद करायला माझ्या हातातली चिठ्ठी घेतली. ती वाचली. माझ्याकडे बघितलं. परत वाचली.

"बाळ, हे काय लिवलंय?"

"थ्री फिफ्टी-नाइन," मी म्हणाले. माइक चालू होता.

पुढची पाच मिनिटं मला नीट आठवत नाहीत, आणि आठवायची इच्छाही नाही. एवढं आठवतं, की गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "भाचीनं मामीचा नंबर लावला की गड्या!" दुसरा म्हणाला, "लावायचा असता तर आधी वाचता याया पायजे की रं!" हा माझी बाजू घेणारा एकमेव माणूस, आणि तोसुद्धा अपमान करून. तिसरा म्हणाला, "इंग्लिश मीडियम!" आणि सगळे हसले. त्यावर एका म्हाताऱ्याने त्याला विचारलं, "तुझा मोबाइल नंबर सांग बघू मराठीत." तो "नव्व्याण्णव... नाइन टू..." करत थांबला. हशा त्याच्याकडे गेला आणि मला जरा श्वास घेता आला.

तीनशे एकोणसाठ नंबर निघाला गावातल्या एका निवृत्त सुभेदारांचा. ऊस आणि पेन्शन यांच्यावर सुखी असलेले गृहस्थ. आपला नंबर लागला नाही म्हणून ते शांतपणे जिलेबी खात उभे होते. आता जिलेबीचे हात पुसत पुढे आले.

मामीला कुणी खाली उतर म्हणायला धजेना. शेवटी तीच म्हणाली, "उतरते की. गोंद लावून बसली न्हाई मी." उतरताना तिने एकदा हँडलवरून हात फिरवला. मग गळ्यातला हार काढून सुभेदारांच्या गळ्यात घातला आणि म्हणाली, "हार्न चांगला वाजतोय."

सुभेदार म्हणाले, "फौजेत रणगाडे हाकलेत मी," आणि रिक्षा सुरू केली. ती मागे गेली, मांडवाचा खांब घेऊन. मामी हसली नाही.

पाहुण्यांना सोडून आम्ही घरी निघालो. मामूचं घर गावाबाहेर, सांगली रस्त्याला, उसाच्या कडेने. पुढे मामू, मागे आम्ही दोघी. मामूची पाठ आनंदात दिसत होती. घोडीसुद्धा उगाच जोरात चालली होती. थोड्या वेळाने तो बारीक आवाजात गुणगुणायला लागला.

"हसा की मोकळ्यानं," मामी म्हणाली. "वाचली तुमची घोडी."

"मी कुठं हसतोय?"

"तुमची पाठ हसतीया."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "मामी, सॉरी. मला ते एकोण..."

"तुझं काय न्हाई गं. तुझ्यामुळं पाच मिनिटं तरी बसाया मिळालं." मग ती रुमालाची रिकामी गाठ बांधत-सोडत बसली. डांबरी रस्ता आमच्या पायांखालून निघून मागे पळत होता. एक पाटी गेली, पण पाठमोरी, कोरी. "आवं, ऐका. मला तुमच्या घोडीचं वैर हाय व्हय? तिला खायाला कोण घालतंय? मला ती रिक्षा भाड्यानं द्यायची नव्हती, इकायची नव्हती. मला हाकायची हुती."

"तू? रिक्षा?" मामूने मान वळवली.

"लगीन होऊन ह्याच टांग्यात आली. मागं तोंड करून. तवापास्नं मागंच. बाजार, दवाखाना, म्हायेर. वाटेत काय येतंय ते मला ते गेल्यावर कळतंय." तिने मागे गेलेल्या एका झाडाकडे बोट दाखवलं. "झाड आलं असं मी कवा म्हटलं न्हाई. झाड गेलं, असंच."

मामूचं गुणगुणणं थांबलं होतं. मी रस्त्याकडे बघत राहिले. त्या पणजीचा विचार आला, जी चढाला ढकलत होती. तिला तर टांग्याची पाठच दिसली असेल.

"बिनघोड्याचा टांगा आपल्या घरात पयल्यापास्नं हाय," मामी म्हणाली. "मला आज बिनटांग्याचा हार्न मिळाला."

मामूने लगाम खेचला. घोडी थांबली. उसाच्या कडेला, अगदी मधेच. तो खाली उतरला, मागे आला आणि मामीसमोर उभा राहिला. मला वाटलं, आता भांडण होणार. मी पुष्पगुच्छाच्या रिकाम्या ताटाकडे बघायला लागले.

"सरक," तो म्हणाला. "न्हाई, उतर. पुढं जा."

"काय?"

"लगाम दांडीला अडकवलाय. जा, हाक. हार्न न्हाई तिला, तोंडानं वाजव."

मामीने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग उतरली. पुढे चढायला तिला वेळ लागला, कारण या बाजूने ती कधी चढलीच नव्हती. मामू माझ्या शेजारी मागे बसला. त्याचे पाय लोंबकळत होते आणि त्यांचं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं.

पुढून मामीचा आवाज आला. चाबूक नाही, जिभेची टकटक नाही. नुसतं, "चल गं." आणि वरातीतल्या कुठल्याच हाकेला दाद न देणारी ती घोडी चालायला लागली.

मामूने बैठकीची कड घट्ट धरली. जरा पुढे गेल्यावर तो म्हणाला, "हे देऊळ हितं हाय व्हय?"

"मामू, तू रोज इथून जातोस."

"पुढनं जातोय गं. मागनं असं दिसतंय हे आज कळलं." मग काळजीने ओरडला, "आगं, डावीकडनं घे! ट्रॅक्टर हाय का पुढं?"

"हाय!" मामी ओरडली. "उसाचा! येतोय! आता वळण येतंय! आता पूल!" ती सगळं आधी सांगत होती, आणि आम्हाला ते मागाहून, तिने सांगून झाल्यावर दिसत होतं. ट्रॅक्टर शेजारून गेला तेव्हा त्याच्या ड्रायव्हरने मामीला वळून वळून बघितलं. तिने तोंडाने हॉर्न वाजवला.

"भाची!" पुढून आवाज आला. "एकोणसत्तर म्हंजे किती गं?"

मी बोटं मोजायला लागले. सत्तरला एक उणा. मामू मला फसवायला कानाशी हळूच म्हणाला, "एकोणऐंशी सांग."

"सिक्स्टी-नाइन," मी ओरडले, त्याचं न ऐकता.

"मराठीत सांग!"

"मराठीत तूच सांगितलंस की!"

ती खदाखदा हसली, सगळ्या संध्याकाळभरात पहिल्यांदा. घोडीने मान हलवली. मामू पाय हलवत बसला होता, आता ते त्याला जमायला लागले होते.

"घर आलं," मामी म्हणाली.

आम्हाला दोघांना ते अजून दिसलं नव्हतं.